चंचल मूल आणि मोठ्यांची प्रश्नावली

स्मरणिकेसाठी या वर्षी काही तरी लिहाच, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा ज्या विषयाने मला पुष्कळ शिकविले आणि एकदा चांगलेच खजीलही केले, तोच निवडावा असे ठरविले. माझा दवाखाना गोकुळ रोडवर आहे. बाहेर बसगाड्यांची वर्दळ, विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी आणि औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटली की लोटणाऱ्या दुचाक्या. आत येणाऱ्या आपल्या कुटुंबांची रीत आपणा सर्वांना ठाऊक आहेच: घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी. या कुटुंबांच्या हातात अलीकडे लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर आणखी एक कागद दिसू लागला आहे. तो असतो शाळेने दिलेल्या किंवा मोबाइलवरून छापून आणलेल्या प्रश्नावलीचा. ‘मूल एका जागी बसत नाही’, ‘दिलेले काम पुरे करीत नाही’, ‘दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडते’ अशा विधानांपुढे कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी अशा चौकटी असतात आणि त्यांवर खुणा केलेल्या असतात. कागद पुढे करून आई विचारते, “डॉक्टर, ह्याला एडीएचडी आहे का हो?”

अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता यांचा हा विकार काल्पनिक नाही. तो खरा आहे, त्रासदायक आहे आणि उपचारांना चांगला प्रतिसाद देणारा आहे, हे आरंभीच स्पष्ट करतो. प्रश्न आहे तो कागदाचा. ती प्रश्नावली मुलाविषयी असली तरी ती भरणारा हात मोठ्या माणसाचा असतो. ही साधी गोष्ट मी एकदा विसरलो होतो. त्याची हकिकत प्रथम सांगतो.

एक केसपेपर

पंधराएक वर्षांपूर्वी दुसरीतील एक मुलगा माझ्याकडे आला. वडील नोकरदार, आई गृहिणी, घरात आजी. शाळेची तक्रार अशी, की मुलगा लक्ष देत नाही, सूचना पाळत नाही, वर्गात सारखा शेजाऱ्याशी बोलतो, बाकावर चुळबुळ करतो. प्रश्नावली शिक्षिकेने भरली, आईनेही भरली. दोन्हींतील गुण सीमेच्या बरेच वर गेले. मी मुलाला तपासले, म्हणजे छाती, पोट, वजन, उंची पाहिली, आणि त्या संध्याकाळच्या गर्दीत केसपेपरवर चार अक्षरे लिहून मोकळा झालो. पालकांना वर्तनोपचाराचा सल्ला दिला. शाळेला चिठ्ठी गेली. इतरांच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून शाळेने त्याला शेवटच्या बाकावर बसविले.

चार-साडेचार महिन्यांनी त्याच घरातील धाकट्या बहिणीला लस देण्यासाठी आजी आल्या. जाता जाता म्हणाल्या, “थोरल्याचं काही कळत नाही बघा, डॉक्टर. समोरून हाक मारली की लगेच ओ देतो. पाठीमागून मारली तर ढिम्म. आणि टीव्ही इतका मोठा लावतो, की शेजारचे येऊन सांगून जातात.”

माझ्या हातातील सिरिंज तशीच राहिली. मी मुलाला दुसऱ्या दिवशी बोलावले. त्याच्या पाठीमागे उभा राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घेतले. तो खिडकीतून बाहेर बस बघत राहिला. आपल्या मंडळातील कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे पाठविले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट द्रव साठलेला होता, टिंपॅनोमेट्रीचा आलेख सपाट होता, ॲडिनॉइड वाढलेले होते. मुलगा रात्री घोरत असे, तोंडाने श्वास घेत असे. हे मी विचारले असते, तर आईने पहिल्याच भेटीत सांगितले असते.

शस्त्रक्रिया झाली, कानांत ग्रोमेट बसविले. काही आठवड्यांनी तो आला तेव्हा मी त्याला जवळ बसवून विचारले, “वर्गात शेजाऱ्याशी सारखा काय बोलत होतास रे?” तो म्हणाला, “बाई काय म्हणाल्या ते विचारायचो.”

प्रश्नावलीतील एक-एक खूण मी नंतर पुन्हा वाचून काढली. ‘ऐकतो असे वाटत नाही’: खरेच होते. ‘सूचना पाळत नाही’: त्या पोहोचतच नव्हत्या. ‘शेजाऱ्याशी बोलतो’: कारण वर आलेच आहे. रात्रीची झोप मोडणारे मूल दिवसा चुळबुळ करणारच. शिक्षिकेची एकही खूण खोटी नव्हती, आईचीही नव्हती. चूक माझी होती. जे वर्णन होते, ते मी निदान म्हणून वाचले. आणि माझ्या चिठ्ठीमुळे कमी ऐकू येणारे मूल फळ्यापासून आणि शिक्षिकेपासून आणखी लांब गेले.

कान सुधारले तरी सगळे एका दिवसात सुधारले नाही. वाचनात तो वर्गाच्या मागे पडला होता, ते भरून काढायला दीड वर्ष लागले. ते दीड वर्ष मला अजून टोचते.

प्रश्नावलीचा जन्म

चंचल मुलाचे चित्र वैद्यकाला नवे नाही. जर्मनीतील हाइनरिश हॉफमान या डॉक्टरने १८४० च्या दशकात आपल्या लहान मुलासाठी चित्रकथा रचण्यास आरंभ केला. त्यांतील जेवणाच्या टेबलावर झुलत राहणारा फिलिप आजही या विषयावरील पुस्तकांत भेटतो. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेजात डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने अशी काही मुले शांत होऊन अभ्यास करू लागल्याचे आढळले. पुढे औषधांच्या चाचण्या सुरू झाल्या आणि औषधाने फरक पडला की नाही हे मोजायचे कसे, असा प्रश्न आला. त्याचे उत्तर म्हणून कीथ कॉनर्स यांनी १९६९ साली शिक्षकांनी भरावयाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. म्हणजे या प्रकारच्या साधनाचा एक मूळ हेतू आधीच ओळखलेल्या मुलात औषधाचा परिणाम मोजणे हा होता. शाळेतील सरसकट सर्व मुलांतून आजारी मूल वेचून काढणे, हे काम त्याच्याकडे नंतर आले.

आज वापरात असलेल्या प्रश्नावल्यांपैकी व्हँडरबिल्ट ही बालरोगतज्ज्ञांच्या अधिक परिचयाची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ती असून पालकांच्या कागदावर ५५ आणि शिक्षकांच्या कागदावर ४३ प्रश्न असतात. पहिले नऊ अवधानाचे, पुढचे नऊ चंचलतेचे. यांपैकी कोणत्याही नऊंत सहा वा अधिक ठिकाणी ‘बऱ्याचदा’ किंवा ‘नेहमी’ आले आणि शिवाय अभ्यासात वा नातेसंबंधांत अडचण असल्याची नोंद असली, तरच ती सकारात्मक मानावयाची. यातील ‘शिवाय’ हा शब्द शाळांतून फिरणाऱ्या संक्षिप्त नकलांतून बहुधा गळालेला असतो. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधील २५ प्रश्नांची प्रश्नावली आणखी सुटसुटीत आहे. अकरा वर्षांपुढील मुलाने स्वतः भरावयाचा तिचा एक नमुनाही आहे. मुलाला विचारण्याची सोय असलेला तो नमुना आपण क्वचितच काढतो.

भरणाऱ्याचे मन

गोकुळ रोडवर बसून या विषयावर लिहायचे, तर गोकुळातल्या गाऱ्हाण्यांची आठवण होणे साहजिक आहे. गवळणी यशोदेच्या दारी येऊन जो कृष्ण वर्णन करीत, तो यशोदेला ओळखू येत नसे. दोघींपैकी खोटे कोणी बोलत नव्हते. आजचे शास्त्र हेच आकड्यांत सांगते. १९८७ साली आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आई आणि वडील यांसारख्या एकाच भूमिकेतील दोघांच्या उत्तरांतील सहसंबंध सरासरी ०.६० निघाला. पालक आणि शिक्षक अशा भिन्न भूमिकांतील व्यक्तींमध्ये तो केवळ ०.२८ होता. मुलाचे स्वतःचे म्हणणे आणि मोठ्यांचे म्हणणे यांत ०.२२. हा मतभेद म्हणजे साधनाचा दोष असेच नव्हे. मूल घरी एक असते आणि चाळीस मुलांच्या वर्गात दुसरे असते. म्हणूनच निदानाच्या निकषांत लक्षणे किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, अशी अट आहे.

मोठ्यांची स्वतःची अवस्थाही कागदावर उतरते. दोन खोल्यांच्या घरात सासऱ्यांचे आजारपण सांभाळणाऱ्या, रात्री चार तास झोपणाऱ्या आईला मुलाची प्रत्येक उडी ‘नेहमी’ वाटते. तीच आई सुट्टीत माहेरी, निपाणीच्या मोठ्या वाड्यात जाऊन आली की ‘क्वचित’वर खूण करते. मूल तेच असते, अंगण बदललेले असते. खिन्नतेने ग्रासलेल्या मातेच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. तेथे प्रथम उपचार हवे असतात ते मातेला.

भाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात अधिकच बिकट. मूळ प्रश्नावल्या इंग्रजीत. घरी मराठी बोलणारी आई त्या शब्दकोशाच्या वा शेजारणीच्या मदतीने भरते. मूळ इंग्रजीत मुलाला यंत्र बसविल्यासारखे धावते असे म्हटलेले आहे. एका आईने त्यावर मला विचारले, “म्हणजे खेळण्यातल्या मोटारीसारखा का?” पायाला भिंगरी लागली आहे का, असे विचारले असते, तर तिने क्षणात उत्तर दिले असते. आणि ‘बऱ्याचदा’ म्हणजे किती? दिवसातून दोनदा की वीसदा? ते तिने कोणाशी ताडून पाहायचे? एकुलते एक मूल असलेल्या घराला तुलनेसाठी दुसरे मूलच नसते. शिवाय घरात मराठी ऐकलेले साडेपाच वर्षांचे मूल पहिल्या वर्षी इंग्रजी सूचना पाळत नसेल, तर तो अवधानाचा दोष की भाषेचा, हे कागद सांगू शकत नाही.

वयाचा मुद्दा तर डोळे उघडणारा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वर्गप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही सीमा आहे. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांत एडीएचडीचे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक होते. मुलींत हा फरक ७० टक्के. जन्ममहिन्याने मेंदूचा आजार होत नाही. अकरा महिन्यांनी लहान असलेल्या मुलाचे बालपणच येथे आजार म्हणून नोंदले गेले. पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण असावीत की नाही, यावर कर्नाटकात २०२५ साली बरीच चर्चा झाली. वर्ष वाया जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या पालकांनी हा अभ्यास ध्यानात घ्यावा.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

आता थोडे गणित. समजा, शाळेत एक हजार मुले आहेत. जगभरातील १०२ अभ्यासांचा जो आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात या विकाराचे प्रमाण ५.२९ टक्के आले होते. सोयीसाठी पाच टक्के धरू, म्हणजे ५० मुले. आपली प्रश्नावली चांगली आहे असे मानू: खऱ्या ५० पैकी ८० टक्के ती पकडते आणि निरोगी मुलांपैकी ९० टक्क्यांना बिनचूक सोडते. म्हणजे ५० पैकी ४० सापडली. उरलेल्या ९५० निरोगी मुलांपैकी दहा टक्के, म्हणजे ९५, चुकून अडकली. एकूण १३५ पालकांना शाळेतून चिठ्ठी गेली. त्यांत खरा विकार ४० जणांना. याचा अर्थ, चिठ्ठी आलेल्या दर दहा घरांपैकी सात घरांत तो विकार नाही. आणि दहा मुले चाळणीतून निसटली, ती वेगळीच.

त्याच आढाव्यातील दुसरा निष्कर्ष आपणा डॉक्टरांसाठी अधिक मोलाचा आहे. देशोदेशींच्या आकड्यांत जी तफावत दिसते, ती बव्हंशी मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे: निकष कोणते, माहिती कोणाकडून घेतली, आणि दैनंदिन जीवनात अडचण असलीच पाहिजे ही अट धरली की नाही. कोइमतूर येथील प्राथमिक शाळांत कॉनर्स यांच्या संक्षिप्त प्रश्नावलीने केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११.३२ टक्के प्रमाण आले. जागतिक सरासरीच्या दुप्पट. तमिळनाडूची मुले जगाच्या दुप्पट चंचल आहेत, असा याचा अर्थ लावण्यापूर्वी हातातील मापाकडे पाहावे.

वडिलांचा कागद

तीन-चार वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीत छोटा लेथ कारखाना चालविणारे एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. त्यांनी मोबाइलवर शोधून सहा प्रश्नांचा कागद भरून आणला होता. “सहापैकी पाच बसतात, डॉक्टर.” मी कागद पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने रोनाल्ड केसलर आदींनी २००५ साली प्रौढांसाठी तयार केलेली ती प्रश्नावली होती. हाती घेतलेल्या कामाचा शेवटचा टप्पा उरकणे, ठरलेल्या भेटी लक्षात राहणे, डोके चालवावे लागणारे काम पुढे ढकलणे, असे तिचे प्रश्न. ती अठरा वर्षांवरील माणसाने स्वतःविषयी भरावयाची. आठ वर्षांच्या मुलाला कसल्या आल्या भेटी! वडिलांनी भेटीच्या जागी गृहपाठ घातला होता.

प्रौढांसाठीचे माप मुलाला लावण्यात धोका उघड आहे. जे प्रौढात लक्षण ठरते, ते आठव्या वर्षी वयधर्म असू शकते. निकषही वेगळे आहेत. २०१३ च्या निकषांनुसार मुलात नऊपैकी सहा लक्षणे लागतात, सतरा वर्षांपुढे पाच पुरतात, आणि आरंभ बाराव्या वर्षाच्या आत झालेला असावा लागतो. हे मी समजावीत असतानाच त्यांच्या पत्नी हसून म्हणाल्या, “डॉक्टर, ही सगळी उत्तरं ह्यांचीच आहेत. ऑर्डर अर्धी टाकून दुसरी धरतात, बँकेची तारीख विसरतात.” गृहस्थ आधी चिडले, मग गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “मला पण लहानपणी वर्गाबाहेरच उभं करायचे.”

हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्याची आनुवंशिकता ७४ टक्क्यांच्या आसपास मानली जाते. मुलाची रीतसर तपासणी केली: कान, डोळे, झोप, रक्त, अभ्यासाच्या वह्या, आई-वडिलांच्या आणि शिक्षकांच्या स्वतंत्र प्रश्नावल्या, तीन भेटी. त्याला खरोखरच एडीएचडी होता. मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाला आणि पुढे वडिलांनाही तपासले. घराचे वेळापत्रक बसले, शाळेने पहिल्या बाकावर जागा दिली, औषधही सुरू झाले. मुलगा आज व्यवस्थित शिकतो आहे. तो कागद चुकीचा होता, आणि तरीही त्याने बाप-लेकांना दवाखान्यापर्यंत आणले, हे मी नाकारत नाही. चाळणीचा उपयोग तेवढा असतो आणि तो लहान नाही.

ज्यांच्यासाठी कोणी कागद भरत नाही

चुळबुळणाऱ्या मुलाचा त्रास मोठ्यांना होतो, म्हणून त्याचा कागद भरला जातो. शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कोणालाच त्रास देत नाही. दहावीत नापास होण्याच्या भीतीने झोप उडालेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या वह्या पहिलीपासून आजीने जपून ठेवल्या होत्या. प्रत्येक वहीत पहिली चार पाने सुरेख, नंतर अर्धवट ओळी आणि समासात फुलांची नक्षी. प्रगतिपुस्तकावर नऊ वर्षे एकच शेरा: ‘हुशार आहे, लक्ष दिल्यास प्रगती करील.’ तिचे निदान पंधराव्या वर्षी झाले. दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांत मुलग्यांचे प्रमाण समाजातील प्रमाणापेक्षा जास्त दिसते, याचे एक कारण हे आहे. ज्या मुलीच्या दंग्याची तक्रार येत नाही, तिच्या स्वप्नाळूपणाचीही चौकशी व्हावी.

आपल्याकडील प्रयत्न

याबाबतीत भारतीय बालरोगशास्त्राने चांगले काम केले आहे. इनक्लेन या संस्थेच्या पुढाकाराने भारतीय मुलांसाठी निदान-साधने तयार झाली, त्यांत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांतील एडीएचडीचे साधन २०१४ साली ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे वैशिष्ट्य असे, की कागद पालकांच्या हाती देऊन मोकळे व्हायचे नाही. प्रशिक्षित व्यक्तीने पालकांना प्रश्न विचारायचे आणि मुलाला स्वतः पाहायचेही. या साधनांच्या आधारे कांगडा, पलवल, ढेंकनाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी ३,९६४ मुलांची पाहणी झाली व ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने या विकारावरील आपले एकमताचे निवेदन २०१७ साली काढले.

अभ्यासातील अक्षमता आणि अवधानाचा विकार एकत्र नांदतात, हे मुंबईच्या शीव रुग्णालयातील अक्षमता-चिकित्सालयाच्या कामातून मराठी पालकांना परिचित झाले आहे. वाचताच येत नसलेले मूल पुस्तकासमोर चुळबुळ करणारच. तेव्हा एकाचा संशय आला की दुसऱ्याचीही तपासणी हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ज्या आजारांचा शोध घ्यावयाचा, त्या यादीत एडीएचडी आहे. आपल्या जुळ्या शहरात हुबळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धारवाडची डिमहान्स या संस्था आहेत. म्हणजे शंका आलेल्या मुलाला पुढे कोठे न्यावयाचे, हा प्रश्न इतर जिल्ह्यांइतका अवघड नाही.

दोन शब्द सहव्यावसायिकांना

त्या दुसरीतील मुलानंतर मी माझ्यापुरती एक रीत घालून घेतली आहे. भरलेला कागद हाती आला, तरी तो लगेच वाचत नाही, बाजूला ठेवतो. प्रथम मुलाशी बोलतो: शाळेत काय आवडते, बाई बोलतात ते ऐकू येते का, फळा दिसतो का, कोण मारते का. मग पाठीमागून हलकेच हाक मारतो. आईला घोरण्याविषयी, झोपेच्या तासांविषयी, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मोबाइलविषयी विचारतो. मध्येच क्षणभर नजर थिजते का, हे विचारतो, कारण शून्यात पाहणारे मूल कधी कधी ॲब्सेन्स प्रकारच्या अपस्माराचे निघते. हिमोग्लोबिन पाहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला, तेव्हा हा साधा तपास टाळण्याला सबब नाही. जन्मतारीख आणि वर्गातील इतरांचे वय पाहतो. घरातील आजी-आजोबांना आवर्जून बोलावतो. त्यांच्याजवळ चौकटी नसतात, पण मुलाचा दिवसभराचा वावर त्यांनी पाहिलेला असतो.

त्यानंतर कागद वाचतो. तोपर्यंत एक-एक खूण कशाची असू शकेल, याचा पुष्कळ अंदाज आलेला असतो. एका भेटीत निदान लिहीत नाही. औषधाची गरज भासली, तर मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि निःशंकपणे देतो. मिथिलफेनिडेटवर शेड्यूल एक्सचे कडक निर्बंध आहेत ते योग्यच आहेत. परंतु खऱ्या रुग्णाला त्या भीतीपोटी औषधापासून वंचित ठेवणे, हाही अन्यायच होय.

आणि पालकांना

शाळेतून चिठ्ठी आली म्हणून खचू नका आणि शिक्षकांवर रागावूही नका. त्यांना काही तरी जाणवले आहे, एवढाच त्या चिठ्ठीचा अर्थ. प्रश्नावली आई आणि वडील यांनी वेगवेगळी, एकमेकांची न पाहता भरावी. प्रश्न समजला नाही, तर तसे लिहावे, अंदाजे खूण करू नये. मोबाइलवरील कागद कोणत्या वयासाठी आहे, हे पाहावे. आणि चार अक्षरांचे ते नाव मुलासमोर, नातेवाइकांत, लग्नसमारंभांत उच्चारू नये. आपल्या आटोपशीर समाजात असे नाव मुलाच्या मागे फार वर्षे चालत राहते.

तो दुसरीतील मुलगा आता अभियांत्रिकीच्या वर्गात आहे. मागच्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आला होता. बसल्या बसल्या त्याचा पाय अजूनही हलत असतो. त्या केसपेपरवरील चार अक्षरे मी कधीच खोडली होती, पण कागद फाडला नाही. नवीन प्रश्नावली टेबलावर आली, की मी तो खण उघडतो, खोडलेल्या अक्षरांवर एकदा नजर टाकतो आणि मग आत येणाऱ्या मुलाला विचारतो, “बस, बाळा. आधी तू सांग.”